अर्धीच ऐकलेली मैना

चाकणजवळच्या नाणेकरवाडी, खराबवाडी, कुरुळी या गावांत आता शेतं कमी आणि रूम जास्त आहेत. पत्र्याच्या नाहीतर स्लॅबच्या, एका ओळीत दहा-बारा, बाहेर एकच नळ. एका रूममध्ये चार-पाच पोरं. कोणी हिंगोलीचा, कोणी वाशीमचा, कोणी बीड-लातूरकडचा. एक फर्स्ट शिफ्टला निघतो तेव्हा दुसरा नाइट करून येतो आणि त्याच अंथरुणावर आडवा होतो. मी गेली काही वर्षं या भागात कंत्राटी कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसोबत काम करते. ईएसआयचं कार्ड, पीएफचे अडकलेले पैसे, बोट गेलेल्या पोराची भरपाई असली कामं. ती करताना कानावर जी गाणी पडतात त्यांत भीमगीतं असतात, नवी रील्सची गाणी असतात आणि हमखास एक जुनं गाणं असतं. अण्णाभाऊ साठेंची 'माझी मैना'.

हे गाणं इथल्या पोरांना कोणी शिकवलेलं नाही. अनेकांना ते कोणी लिहिलं हेही सांगता येत नाही. पण बायको गावाकडे ठेवून आलेला पंचवीस वर्षांचा मुलगा ते लावतो आणि बाकीचे गप्प होतात, हे मी पाहिलं आहे. मात्र गाणं जवळजवळ नेहमी अर्ध्यावरच थांबतं. मैनेचं वर्णन, निरोप, मुंबईची गर्दी, आणि पुढे कोणीतरी दुसरं गाणं लावतं. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर वाजतं तेही तेवढंच. खरं गाणं तिथून पुढे वळण घेतं, आणि ते वळण घेण्यासाठीच अण्णाभाऊंनी ते रचलं होतं. त्या उरलेल्या अर्ध्या गाण्यासाठी हा लेख लिहीत आहे. तो लिहायचा तर अण्णाभाऊंच्या आयुष्याकडे पुन्हा एकदा, गावाकडे राहिलेल्या माणसांच्या बाजूने पाहावं लागेल.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. गाव वाटेगाव, तालुका वाळवा, तेव्हाचा सातारा आणि आजचा सांगली जिल्हा. घर मांगवाड्यात. पाळण्यातलं नाव तुकाराम. आई वालुबाई, वडील भाऊराव. भाऊराव मुंबईत होते. साहेब लोकांच्या बंगल्यांवर बागकाम करायचे आणि अधूनमधून गावी यायचे. ही गोष्ट चरित्रांत एका ओळीत उरकली जाते, मला मात्र ती फार महत्त्वाची वाटते. 'माझी मैना' लिहिण्याच्या कितीतरी आधी, अण्णाभाऊंनी गावावर राहिलेली पहिली मैना पाहिली ती स्वतःच्या घरात. नवरा मुंबईला, पोरं पदरात, घरात दाणा नाही आणि वाट पाहण्याशिवाय इलाज नाही, हे वालुबाईंचं रोजचं जगणं होतं. मुलगा ते पाहत मोठा झाला.

त्या काळात मांगवाड्यातल्या माणसाने गाव सोडणं ही साधी गोष्ट नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा फास या समाजाच्या गळ्यात होता. चोरी कुठेही झाली तरी संशय मांगवाड्यावर, आणि पोलीस पाटलाकडे हजेरी. पुढे 'फकिरा' कादंबरीत अण्णाभाऊंनी या हजेरीचं जे चित्र काढलं ते कल्पनेतलं नव्हतं. फकिरा हा वाटेगावचाच, त्यांच्या नात्यातला बंडखोर. अण्णाभाऊ जन्मले तेव्हा फकिराने इंग्रजांच्या लुटलेल्या खजिन्यातले ओंजळभर सुरती रुपये बाळंतिणीसाठी आणून दिले, अशी आठवण त्या घरात सांगितली जायची.

शाळा दीड दिवसाची. मास्तरांनी जातीवरून अपमान केला, पोरगं उठलं आणि पुन्हा गेलं नाही. हा प्रसंग जयंतीच्या प्रत्येक भाषणात येतो आणि त्यावर टाळ्याही पडतात. मला त्या टाळ्या थोड्या खटकतात. शिक्षण सुटणं हा पराक्रम नसतो, ती त्या पोराची झालेली लूट असते. अण्णाभाऊंनी ती लूट पुढे स्वतःच्या कष्टाने भरून काढली, हा भाग वेगळा.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळाने गावात राहणं अशक्य केलं. भाऊराव बायकोपोरांना घेऊन मुंबईला निघाले, पायी. गाडीभाड्याला पैसे नव्हते. सुमारे साडेतीनशे किलोमीटर. वाटेत मिळेल ते काम करायचं, मिळेल तिथे मुक्काम करायचा आणि पुढे चालायचं. साताऱ्याकडून पुण्यामार्गे मुंबईला जाणारा जुना रस्ता आजही चिंचवड, निगडी, देहूरोड असाच जातो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये याच पट्ट्यातून डोक्यावर बोचकी घेऊन गावाकडे निघालेली कुटुंबं आम्ही पाहिली. त्यांची दिशा उलटी होती, एवढाच फरक.

मुंबईत भायखळ्याला चांदबीबीच्या चाळीत कुटुंब टेकलं. पोरगं कोळसे वेचायचं, ओझी वाहायचं, फेरीवाल्यामागे फिरायचं, घरगडी व्हायचं. पुढे कापड गिरणीत झाडूवाला म्हणून लागलं. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या पोस्टरांवरून. याच काळात मुंबईतल्या कामगारांच्या सभा, लाल बावटा आणि संपाच्या घोषणा कानावर पडल्या. वाचता येऊ लागल्यावर जे मिळेल ते वाचलं. पुढे ज्यांच्या नावावर पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या आहेत, त्या माणसाची ही शाळा.

गिरणीतलं काम सुटल्यावर कुटुंब पुन्हा वाटेगावला आलं. तिथे चुलतभाऊ बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. अण्णाभाऊ त्यात शिरले आणि ढोलकी, बुलबुल, पेटी, मिळेल ते वाजवायला शिकले. मुख्य म्हणजे माणसं कशाने हसतात आणि कोणत्या जागी गप्प होतात, हे समजून घेतलं. १९४२ च्या आंदोलनात सातारा भाग पेटलेला होता. पकड वॉरंट निघालं आणि अण्णाभाऊंनी पुन्हा मुंबई गाठली. या वेळी मुक्काम माटुंग्याच्या लेबर कँपात.

लेबर कँप ही आपल्या चळवळीच्या इतिहासातली मोठी जागा आहे. दलित कामगारांची वस्ती, निळा झेंडा आणि लाल झेंडा शेजारीशेजारी. महाडच्या सत्याग्रहाच्या घडणीत पुढे असलेले आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात गेलेले कॉम्रेड आर. बी. मोरे याच परिसरात काम करत. दोन्ही झेंड्यांखाली वादावादी व्हायची, पण पाण्याचा नळ एकच होता आणि डासही सगळ्यांना सारखेच चावायचे. अण्णाभाऊंनी तिथे पहिल्या रचना केल्या त्यांतली एक चक्क मच्छरांवर होती. वस्तीतल्या लोकांनी ती उचलून धरली.

मग दुसरं महायुद्ध आलं. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात. बाबासाहेबांनी त्यासाठी केलेला पाठपुरावा आपल्या वाचकांना ठाऊक आहे. गावोगावची तरणी पोरं पलटणीत गेली. आपल्या समाजात घरापासून दूर राहून पगार पाठवणारा पहिला माणूस हा बहुतेक घरांत सैनिकच होता. सुभेदार रामजी सकपाळांपासून पाहा. अण्णाभाऊंनीही सैनिकांवर लिहिलं. १९४३ मध्ये हिटलरच्या फौजा स्टालिनग्राडला हरल्या आणि लेबर कँपातल्या या बिनशाळेच्या माणसाने त्या लढाईचा पोवाडा रचला. व्होल्गा नदी त्यांनी पाहिलेली नव्हती. तरी पोवाडा इतका गाजला की मुंबईच्या कामगार वस्त्यांत तो पाठ झाला.

गंमत अशी की सैनिकावर लिहिताना अण्णाभाऊंनी वीररस लिहिला, आणि एकटेपणाचं गाणं मात्र कामगारावर लिहिलं. जगात उलटं झालं आहे. त्याच युद्धात जर्मनीचं 'लिली मार्लेन' हे गाणं गाजलं. हान्स लाइप नावाच्या सैनिकाने १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात ती कविता लिहिली होती. लाले अँडरसनने १९३९ मध्ये ती गायली आणि १९४१ पासून बेलग्रेडच्या नभोवाणीवरून ती रोज रात्री लागू लागली. बराकीच्या दारातला दिवा, त्याखाली भेटणारी मुलगी आणि आता दूर गेलेला शिपाई, एवढंच त्यात आहे. पण आफ्रिकेच्या वाळवंटात समोरासमोर बंदुका धरून बसलेले दोन्हीकडचे सैनिक तेच गाणं ऐकायचे.

महाराष्ट्रात हे काम मैनेने केलं. इथली सर्वांत मोठी फौज गिरणीत, गोदीत आणि रेल्वेत होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, अहमदनगरकडून आलेले गडी खाणावळीत जेवत, गाळ्यात पाळीपाळीने झोपत आणि महिन्याला मनिऑर्डर करत. छातीवर बिल्ला नसलेले हे सैनिकच होते. सुट्टी दिवाळीला किंवा शिमग्याला, तीही मिळाली तर.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ, शाहीर अमरशेख आणि दत्ता गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अमरशेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब पटेल. आवाज असा की मैदानात माइकची गरज पडू नये. अण्णाभाऊ लिहायचे, गव्हाणकर लिहायचे आणि गायचे, अमरशेख सभा ताब्यात घ्यायचे. बंगालचा दुष्काळ, पंजाब-दिल्लीची दंगल, तेलंगणाचा लढा, अमळनेरच्या गोळीबारातले हुतात्मे, प्रत्येकावर पोवाडा झाला. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे' ही वगनाट्यं झाली. तमाशाचा साचा जुना असतो. आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि वग. अण्णाभाऊंनी गणातून गणपती काढला आणि तिथे मायभूमीला, हुतात्म्यांना वंदन आणलं. गौळणीतली कृष्णाची छेडछाड काढून टाकली. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या किती आधी एक मांगाचा पोर रंगमंचावर हे करत होता, याची आपण पुरेशी नोंद घेतलेली नाही. मुंबई सरकारने कलापथकाच्या तमाशांवर बंदी आणली तेव्हा तेच प्रयोग लोकनाट्य या नावाने होऊ लागले.

आता गाण्याकडे येते. 'माझी मैना' ही छक्कड आहे. छक्कड म्हणजे लावणीच्याच घरातला, जलद ठेक्याचा, शृंगाराकडे झुकणारा प्रकार. फडात छक्कड सुरू झाली की प्रेक्षक पुढे सरकून बसतो. अण्णाभाऊंनी हे ओळखून तीच चाल, तोच ठेका घेतला. गाण्याचा नायक आधी बायकोचं वर्णन करतो, तिच्या रूपाचं आणि तितकंच तिच्या मनाच्या मोठेपणाचं. मग गरिबीने दोघांची ताटातूट होते. पहाटेची वेळ, बांधून घेतलेली शिदोरी आणि शिवेपर्यंत पोचवायला आलेली ती. गावाबाहेर येताच तिचा चेहरा उतरतो. तो तिला हसवायचा प्रयत्न करतो, पत्र पाठवण्याचं वचन देतो आणि मग दागिन्यांची यादीच सुरू करतो, हा आणीन, तो आणीन, नखशिखान्त मढवीन. ती काही हसत नाही.

ही दागिन्यांची यादी ऐकताना लोक हसतात. मलाही आधी ती गमतीची वाटायची. एकदा आमच्या भागातल्या एका पोराने ठेकेदाराकडे कामाला लागताना बायकोला काय काय सांगून आलो ते सांगितलं. सहा महिन्यांत परमनंट होईन, मग रूम करीन, मग तुला आणीन, मग फ्रिज घेऊ. त्याला साडेतीन वर्षं झाली होती, ठेकेदार तीन बदलले होते. तेव्हा त्या यादीचा अर्थ कळला. यादी लांबत जाते कारण देणाऱ्याच्या खिशात काही नसतं, आणि ऐकणारीला ते माहीत असतं.

पुढे मुंबई येते. बेकारांच्या गर्दीत आणखी एकाची भर पडते. अण्णाभाऊ मुंबईचीही यादीच करतात. यंत्रं, मोटारी, तलम साड्या, इमले, चोर, ऐतखाऊ. एकामागून एक नावं, सगळ्यांचा शेवट एकाच यमकावर. ज्याला वाचता येत नाही त्याच्या तोंडी बसावं असं हे यमक आहे. पाट्या वाचत अक्षरं शिकलेल्या माणसाने शहराचं वर्णन पाट्यांसारखंच केलं, असं मला नेहमी वाटतं. आणि शेवटी हा नायक ऊन, थंडी, पाऊस अंगावर घेत काम शोधतो, पण साधी छत्री त्याला परवडत नाही. दागिन्यांनी मढवायला निघालेला माणूस छत्रीपाशी अडतो.

मोबाइलवर गाणं साधारण इथे बंद होतं.

पण याच जागी गाण्यात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उभी राहते. इतका वेळ आपण ज्याला बायकोची आठवण समजत होतो, तिच्या जागी आता तुटलेला मुलूख येतो. बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा, डांग, उंबरगाव ही गावावर राहिलेली मैना होते. कामगार, शेतकरी आणि मध्यमवर्ग फौज होऊन उठतात आणि गोळ्या छातीवर घेतात. गाण्याच्या सुरुवातीला जो एकटा होता तो शेवटी हजारोंमधला एक होतो. मैना भेटत नाही, बेळगावही मिळत नाही. पण ताटातूट माझ्या नशिबाने झाली, हे म्हणणं तो सोडून देतो. ती कोणीतरी केलेली आहे, हे त्याला दिसतं.

संयुक्त महाराष्ट्र समिती ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात स्थापन झाली. तिच्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होतं. १९५७ च्या निवडणुकीत दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले ते याच लढ्याच्या लाटेत. म्हणजे मैनेचा दुसरा भाग ज्या मैदानांवर गायला गेला तिथे समोर निळ्या झेंड्याचे लोकही बसलेले होते. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. मुंबई मिळाली, बेळगाव, कारवार, निपाणी राहून गेलं.

एक तक्रार मात्र या गाण्याबद्दल माझी आहे. मैना त्यात बोलत नाही. तिचं रूप दिसतं, तिचा रुसवा दिसतो, पण तिच्या मनात काय चाललं होतं ते नायकच सांगतो. समाजशास्त्राच्या वर्गात स्थलांतरावर शिकताना आम्हाला आकडे शिकवले गेले ते बहुतेक गेलेल्यांचे. मागे राहिलेलीला रकाना नव्हता. आपल्या चळवळीतही तेच झालं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला होते, १९२० नंतर पुन्हा लंडनला. त्या वर्षांत रमाईंनी परळच्या चाळीत काय सोसलं हे आपल्याला गायकांनी सांगितलं, रमाई स्वतः २७ मे १९३५ ला गेल्या तोवर कोणी त्यांना विचारून लिहून ठेवलं नाही. अण्णाभाऊंच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की छक्कडीत गप्प राहिलेली बाई त्यांच्या कादंबऱ्यांत बोलली. 'चित्रा', 'वैजयंता', 'चिखलातील कमळ' यांतल्या बायका मार खातात, फसवल्या जातात, पण गप्प बसत नाहीत. 'वैजयंता'वर १९६१ मध्ये चित्रपटही निघाला.

१९५० आणि ६० ची दशकं त्यांच्या लेखनाच्या भराची. २ मार्च १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. पृथ्वी शेषाच्या फण्यावर नाही तर कष्ट करणाऱ्या दलितांच्या हातांवर उभी आहे, हा विचार त्यांनी तिथून मांडला. १९५९ मध्ये 'फकिरा' आली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियाला गेले. जिच्यावर वीस वर्षांपूर्वी पोवाडा रचला ती भूमी पाहून आले आणि प्रवासवर्णन लिहिलं. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांनी लिहिलेलं, जग बदलायला सांगणारं गीत तर आपल्या प्रत्येक विहारात गायलं जातं.

राहायचे मात्र घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडीत. बहुतेक पुस्तकं तिथेच लिहिली. पुस्तकं खपली, चित्रपट निघाले, पैसा हातात टिकला नाही. पुढे घर विस्कटलं, जुने सोबती पांगले, तब्येत ढासळली, दारू वाढली. हे लिहायला आपल्याकडे लोक कचरतात, पण ज्या वस्त्यांत मी काम करते तिथे असं घसरत जाणं रोज दिसतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं मला काही वाटत नाही. गाव सोडलेला माणूस शेवटी शहरातही एकटाच पडला, असं ते आहे. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात सरकारने दिलेल्या घरात १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले. एकोणपन्नासावं पुरं व्हायला दोन आठवडे होते. सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ अपघातात अमरशेखही गेले. ज्याने मैना लिहिली आणि ज्याने ती मैदानांवर गाजवली, दोघांचा शेवट एकाच पावसाळ्यात झाला.

२००२ मध्ये टपाल खात्याने अण्णाभाऊंचं तिकीट काढलं. १४ सप्टेंबर २०२२ ला मॉस्कोत, परदेशी साहित्याच्या सरकारी ग्रंथालयाच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला. आपल्या निगडीतही पुतळा आहे. १ ऑगस्टला तिथे महापालिकेचं प्रबोधन पर्व असतं, पोवाडे होतात, व्याख्यानं होतात.

आता जे लिहिते ते काही वाचकांना आवडणार नाही. त्या गर्दीत मला आपल्या विहारांतली माणसं फार थोडी दिसतात. २५ डिसेंबरला देहूरोडला, जिथे बाबासाहेबांनी १९५४ मध्ये बुद्धमूर्तीची स्थापना केली, तिथे आपण हजारोंनी जातो. तिथून निगडीचा पुतळा काही किलोमीटरवर आहे. १४ एप्रिलला अण्णाभाऊंचं गीत आपण गातो आणि १ ऑगस्टला ती त्यांची जयंती म्हणतो. त्यांची म्हणजे मातंग समाजाची. तिकडूनही हेच घडतं. अण्णाभाऊंचा फोटो लागतो, पण बाबासाहेबांना अर्पण केलेली 'फकिरा' कोणी पानभर वाचून दाखवत नाही. दोघांनी मिळून एका माणसाचे दोन तुकडे केले आणि आपापला घरी नेला. लेबर कँपात नळ एक होता. नाणेकरवाडीच्या रूममध्ये आजही बौद्ध, मातंग, मराठा, बंजारा पोरं एका गॅसवर भात लावतात, एकाच ठेकेदाराच्या मागे पगारासाठी फिरतात. जयंतीची वर्गणी गोळा करताना मात्र त्यांच्या दोन याद्या होतात.

योगायोग म्हणा, पण ज्या महामंडळाने आपला हा सगळा पट्टा उभा केला ते एमआयडीसीही १ ऑगस्टचंच, १९६२ सालचं. मैनेतला माणूस मुंबईला जायचा, त्यानंतर तो भोसरीला आणि चाकणला येऊ लागला.

गेल्या वर्षी १ ऑगस्टला आम्ही चाकणजवळ एका रूमच्या ओट्यावर छोटा कार्यक्रम केला. मंडप नाही, डीजे नाही. सेकंड शिफ्टवाले नव्हते, फर्स्टवाले होते, पंचवीसेक माणसं. एक जुने शाहीर डफ घेऊन आले होते. त्यांना एकच विनंती केली होती की मैना पूर्ण म्हणा. पाऊस चालू होता, पत्र्यावर आवाज येत होता म्हणून सगळे जवळ सरकून बसले. दुसरा भाग सुरू झाला तेव्हा पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. बेळगाव, कारवार इथे कुठून आलं, हे दोघातिघांनी नंतर येऊन विचारलं. त्यावर तासभर बोलणं झालं, आणि ते बोलणं बेळगाववरून पीएफवर आणि पीएफवरून ठेकेदाराच्या लायसन्सवर कधी गेलं ते कळलं नाही.

हिंगोलीकडच्या एकाने गाणं सुरू होतानाच बायकोला फोन लावला होता आणि मोबाइल शाहिरांच्या पायाशी ठेवला होता. तिने तिकडे सगळं ऐकलं. गाणं संपल्यावर त्याने फोन कानाला लावला. मला वाटलं ती गाण्याबद्दल काही बोलेल. तिने छत्रीचं विचारलं. रेनकोटसाठी महिन्याभरापूर्वी तिने पैसे राखून ठेवायला सांगितले होते, तो घेतला का. त्याने घेतला म्हणून सांगितलं. फोन ठेवला आणि डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून तो मेसकडे निघाला.